अंगुल कोणाचे? : हात, कोस आणि योजनांचा हिशेब

भगवान ऋषभदेवांची काया 500 धनुष्य आणि भगवान महावीरांची 7 हात, असे पाठशाळेत सांगितले की ‘म्हणजे किती फूट?’ हा मुलांचा प्रश्न ठरलेला असतो. उत्तर बहुधा घाईने दिले जाते. त्याआधी अंगुल कोणाचे, हे पाहावयास हवे.

कोष्टक सरळ आहे. 8 यवांचे 1 अंगुल, 24 अंगुलांचा हात, 4 हातांचे धनुष्य किंवा दंड, 2000 धनुष्यांचा कोस व 4 कोसांचे योजन. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त आणि 1150 मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हातापासून योजनापर्यंत हेच प्रमाण दिले आहे. हात 18 इंचांचा धरल्यास धनुष्य 6 फूट, कोस सुमारे 3.66 किलोमीटर व योजन 14.63 किलोमीटर भरते.

परंतु हात सर्वत्र 18 इंचांचा नव्हता. सभासदाच्या बखरीत जमीनमोजणीची काठी पाच हात पाच मुठींची, म्हणजे 82 तसूंची आहे. तेथे हात 14 तसूंचा. इंग्रजी अमदानीत मुंबईकडे हात 16 तसूंचा व गज 24 तसूंचा, अर्थात 27 इंचांचा. उत्तरेत मात्र इलाही गज 33 इंचांचा ठरविला गेला. भाव करताना गज कोणत्या पेठेचा हे न विचारणारा कापडव्यापारी हमखास फसावा! पुढे 1956 च्या कायद्याने मीटर आला. नऊवारीच्या नावात वार तेवढा टिकला.

आपल्या डिंगोऱ्याच्याच तालुक्यात, जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी लेखात करंजाची झाडे लावण्यासाठी 20 निवर्तने जमिनीचे उत्पन्न दिल्याची नोंद आहे. ही जमीन किती? कौटिल्याच्या निवर्तनाची बाजू 30 दंड, म्हणजे 120 हात. भास्कराचार्यांच्या निवर्तनाची 200 हात. क्षेत्रफळात सुमारे पावणेतीन पटींचा फरक पडतो.

ही अडचण आगमकारांनी फार पूर्वी ओळखली होती. ‘अनुयोगद्वार सूत्रा’त तीन अंगुले सांगितली आहेत. त्या त्या काळच्या मनुष्याचे ते आत्मांगुल. त्याने विहिरी, तलाव, घरे मोजावीत. यवांवरून सिद्ध होणारे उत्सेधांगुल जीवांच्या उंचीसाठी. द्वीप, समुद्र, पर्वत यांसाठी प्रमाणांगुल. ते उत्सेधांगुलाच्या हजारपट, तर महावीराचार्यांच्या गणिताने पाचशेपट.

म्हणून जंबूद्वीपाच्या एक लाख योजनांना 14.63 ने गुणून किलोमीटर काढणे ही चूकच होय. ते योजन प्रमाणांगुलाचे आहे. काया मात्र उत्सेधांगुलाने मोजलेली. पाऊण इंचाच्या अंगुलाने 7 हात म्हणजे साडेदहा फूट आणि 500 धनुष्य म्हणजे 3000 फूट होतात. अंगुल किंचित लहान धरले तरी दोन्ही आकडे बदलतात. पाठशाळेच्या फळ्यावर ‘500 धनुष्य’ लिहिताना त्यापुढे ‘उत्सेधांगुलाने’ हा एक शब्द लिहिला जावा. फुटांचा हिशेब त्यानंतर.