शकुंतला, लाल डबा आणि कलम १८

मानोऱ्याला रेल्वे नाही आणि कधीच नव्हती. शेजारच्या कारंजा आणि दारव्ह्यावरून मात्र एक छोटी गाडी जायची, आपली शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरपर्यंत ७६. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही नॅरोगेज लाइन पडली ती वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर नेऊन मुंबईला पोचवण्यासाठी. माणसं काय, आलीच तर बसतील! मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत ती ओढत होतं. त्यानंतर डिझेल आलं.

शकुंतलेवर लोकांनी भरभरून प्रेम केलं. तिच्या संथपणाचे विनोद वऱ्हाडात घराघरांत आहेत. पण ती चालते कोणत्या कागदावर, हे किती प्रवाशांना ठाऊक होतं? देशातल्या बाकीच्या रेल्वेचं सरकारीकरण झालं तरी ही लाइन किलिक निक्सन या ब्रिटिश घराण्याने काढलेल्या कंपनीच्याच मालकीची राहिली. गाड्या मध्य रेल्वेच्या आणि रूळ कंपनीचे. मग रुळांवर खर्च कुणी करायचा? या ‘तू कर, मी कशाला’मध्ये रूळ झिजले, वेग उतरला, प्रवासी कमी झाले, आणि प्रवासी कमी म्हणून खर्च आणखी कमी. आज दोन्ही बाजूंना गाडी नाही. गाडी वाचवा म्हणून आंदोलनं झाली, निवेदनं गेली. माझ्या मते प्रश्न ‘आमची गाडी’ एवढाच मांडला गेला. करार काय म्हणतो, हे चार वर्षं आधी गावागावांत सांगायला हवं होतं.

असो. मानोऱ्याची खरी भिस्त एसटीवर. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली तेव्हा आपण त्या राज्यात नव्हतोच. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि इथली सरकारी बससेवा एसटीत विलीन झाली. वाशीम जिल्हा तर १ जुलै १९९८ चा. पण एसटीच्या कारभारासाठी वाशीम अजून अकोला विभागातच मोडतं. म्हणजे मानोऱ्याच्या एखाद्या खेड्यातली शाळेच्या वेळेची फेरी बंद झाली, तर तहसीलदाराकडे जाऊन फारसा उपयोग नाही. कागद जायला हवा आगार व्यवस्थापकाकडे आणि प्रत विभाग नियंत्रकाकडे. ही साधी गोष्ट, पण शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला आपल्याला कुणी सांगितली होती का?

आता गंमत बघा. एसटी ज्या कायद्याखाली चालते तो १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा. त्याचं कलम १८ सांगतं की कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि सुसूत्र वाहतूक देणं हे महामंडळाचं कर्तव्य आहे. कलम २२ सांगतं की कारभार धंद्याच्या तत्त्वावर चालवा. ‘भारमान नाही’ म्हणून फेरी रद्द होते तेव्हा साहेब कलम २२ च्या भाषेत बोलत असतात, आणि गावकरी हात जोडून विनंती करत असतात. त्यांनी कलम १८ च्या भाषेत बोलायला हवं! त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये सल्लागार मंडळांचीही तरतूद आहे. किती जणांनी हे ऐकलंय?

पुण्यात पीएमपी प्रवासी मंचाने नुसतं ‘बस वाईट आहे’ म्हणण्याऐवजी प्रवाशांना मार्ग, वेळ, गाडी नंबर यांसह तक्रार करायची सवय लावायचा प्रयत्न केला. मानोऱ्यात हे पुण्याहून सोपं आहे, कारण फेऱ्या मोजक्या आणि प्रवासी एकमेकांच्या ओळखीचे.

शिकवायचं तरी किती? कंडक्टरच्या मशीनमध्ये प्रत्येक तिकीट नोंदलं जातं. (आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात, आणि लॉग असला की निम्मं भांडण मिटतं.) ही आकडेवारी माहिती अधिकारात, २००५ च्या कायद्याने, मागता येते. ती हातात आली की कळतं, कोणत्या दिवशी गाडी रिकामी गेली आणि कोणत्या दिवशी उशिरा आली म्हणून लोक काळीपिवळीने निघून गेले. दुसरं म्हणजे मोफत पासवाल्या मुली. त्या फुकट बसतात म्हणून गाडी ‘तोट्यात’ असं कुणी म्हणालं, तर सवलतीचे पैसे राज्य सरकारने महामंडळाला भरून द्यायचे असतात, हे सांगता आलं पाहिजे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ च्या संपात एसटी नसणं म्हणजे काय, हे खेड्यांनी पाहिलंच आहे. खाजगी गाडीचं भाडं परवडेना म्हणून शाळा सुटते ती आधी मुलींची.

यासाठी वेगळी संघटना काढायलाच हवी असंही नाही. मुलींच्या पासची यादी शाळेकडे असते. बंद फेरी, तिची वेळ आणि त्या यादीतला आकडा एवढंच घालून ठराव करायचा. ग्रामसभा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला होतातच, त्यामुळे विषय अजेंड्यावर घ्या असं ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आधी लेखी द्यायचं, आणि पोच घ्यायला विसरायचं नाही.