मेटापोन्टो : जवाच्या कणसाचं गाव



इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मेटापोन्टो ही २५०० वर्षांहून जुनी ग्रीक वसाहत. जमीन इतकी सुपीक, की नाण्यांवर जवाचं कणीस असे. हेरा देवीच्या मंदिराचे १५ खांब आजही उभे आहेत.

गणितज्ञ पायथागोरसनं इथेच देह ठेवला, असं परंपरा सांगते. सिसेरो गावात आल्यावर मुक्कामी जाण्याआधी ती जागा पाहून आला होता. पायथागोरसच्या पंथात मांस वर्ज्य मानत, बाकल्याच्या शेंगाही. १९व्या शतकात ‘व्हेजिटेरियन’ शब्द रुळेपर्यंत युरोपात शाकाहार त्याच्याच नावानं ओळखला जाई.

आपली कंदमुळं, त्यांचा बाकला. कारणं वेगळी, संयम तोच. ‘आपणच का वेगळं खायचं?’ असं मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना या गावाची गोष्ट सांगते.