मांगरापर्यंतची जुनी भूमिगत वीजवाहिनी : तपासणी आणि निर्णय

घरापासून मांगर, गोठा किंवा विहिरीवरील पंपघरापर्यंत जमिनीखालून नेलेली वीजवाहिनी गोव्यातील अनेक जुन्या घरांत व कुळागरांत आढळते. ती कोणी, कधी आणि कोणत्या मार्गाने टाकली, याची नोंद बहुधा नसते. दिवा लागतो, पंप फिरतो, एवढ्यावरून वाहिनी सुस्थितीत आहे असे मानता येत नाही. आवरण फाटलेल्या वाहिनीतूनही पुरवठा चालू राहतो आणि गळणारा प्रवाह ओल्या मातीत उतरतो. पुढच्या व मागच्या पायांतील अंतर अधिक असल्याने अशा जमिनीवर गुरांना बसणारा धक्का माणसापेक्षा तीव्र असतो. मीटरच्या पुढील वाहिनीची जबाबदारी घरमालकाची असल्याने तपासणीही त्यानेच परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावयाची असते.

प्रत्यक्ष पाहणी

मुख्य स्विच बंद करून वाहिनीची दोन्ही टोके उघडी करावीत. बाह्य आवरणाखाली पोलादी तारांचे किंवा पट्ट्यांचे कवच असलेली आर्मर्ड केबल थेट जमिनीत पुरण्यासाठीच बनविलेली असते. साधी घरगुती वायर पाइपमधून नेली असल्यास ती जुजबी सोय समजावी. पावसाळ्यात अशा पाइपमध्ये पाणी साचते आणि वायर महिनोन्महिने भिजत राहते. टोकाशी आवरण ठिसूळ झालेले, काळवंडलेले किंवा वाळवी-उंदरांनी कुरतडलेले दिसल्यास आतील भागही संशयास्पद ठरतो. ॲल्युमिनियमची तार तांब्याशी थेट पिळून जोडलेली असेल, तर तो सांधा गंजतो आणि तापतो.

कमी दाबाच्या केबलसाठी भारतीय मानकात 75 सेंटिमीटर खोली सांगितली आहे. जांभ्या दगडात चर खणणे कष्टाचे असल्याने जुनी केबल पुष्कळदा वीतभर खोलीवरच सापडते आणि माड-पोफळीची आळी खणताना कुदळीखाली येते.

मेगरची चाचणी

टेस्टर किंवा साध्या मल्टिमीटरने आवरणाची खरी स्थिती कळत नाही. त्यासाठी 500 व्होल्ट डीसीचा मेगर लागतो. दोन्ही टोके सोडवून आणि पंप, दिवे वेगळे करून फेज व न्यूट्रल, फेज व अर्थ, तसेच न्यूट्रल व अर्थ यांमधील रोध एक मिनिट मोजावा. किमान स्वीकार्य मूल्य 1 मेगाओहम आहे, परंतु चांगली केबल त्याहून कितीतरी अधिक दाखविते. एप्रिलमधील कोरड्या जमिनीतले मापन फसवे ठरू शकते. म्हणून भर पावसाळ्यात ते पुन्हा घ्यावे. दोन्हींत मोठी तफावत आढळल्यास केबलमध्ये पाणी शिरत आहे, असे समजावे.

अर्थिंग आणि जाडी

पूर्वी पंपाचे अर्थिंग अनेकदा लोखंडी जलवाहिनीला जोडले जाई. पुढे त्या जागी पीव्हीसी पाइप आला की अर्थिंग नकळत तुटते. अशा वेळी न्यूट्रललाच अर्थ म्हणून वापरणे जीवघेणे आहे. न्यूट्रल तुटल्यास पंपाचे लोखंडी आवरणच जिवंत होते.

तारेची जाडीही पाहावी. 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून 60 मीटरवर 10 अँपिअर प्रवाह नेल्यास सुमारे 9 व्होल्ट घटतात. पंप सुरू होताना प्रवाह कित्येक पटींनी वाढतो, तेव्हा घटही तितकीच वाढते. एका दिव्यासाठी टाकलेल्या बारीक वायरवर नंतर पंप जोडला, तर तो गुरगुरतो, तापतो आणि अखेर जळतो.

ठेवावी की बदलावी

आर्मर्ड केबल, दोन्ही ऋतूंत समाधानकारक मापन, सलग अर्थिंग आणि पुरेशी जाडी, या चारही गोष्टी असतील तरच जुनी वाहिनी ठेवावी. घराच्या टोकाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविणे तरीही आवश्यक आहे. तो वारंवार पडू लागल्यास गळती शोधावी, तो वगळून जोडणी करू नये. खराब भाग टेप गुंडाळून पुन्हा पुरणे हा उपाय नव्हे.

नवी केबल वाळूच्या थरावर टाकून वर विटांचे आच्छादन आणि इशारापट्टी द्यावी. चर बुजविण्यापूर्वी मार्गाची मोजमापे व छायाचित्रे घेऊन ती घराच्या कागदपत्रांत ठेवावीत. पुढच्या पिढीची कुदळ त्यामुळे योग्य जागी थांबेल.