जठारपेठेचा पत्ता : मित्रमंडळींच्या नकाशांचे साधनमूल्य

अकोल्यात वाट विचारणाऱ्यास घरक्रमांक सहसा सांगितला जात नाही. आधी पेठ, मग चौक, नंतर एखादे देऊळ अथवा दुकान आणि अखेरीस ओळखीच्या माणसाचे नाव, असा पत्त्याचा क्रम असतो. मोर्णेच्या पश्चिम तीरी असदगडासह जुने शहर व पूर्वेस ताजनापेठ ही येथील जुनी विभागणी होय; जठारपेठ, रामदासपेठ ही नावेही आज तितकीच रूढ आहेत. नगराचे हे ज्ञान माणसे एकमेकांच्या सोबतीने मिळवितात. श्रावणातील अखेरच्या सोमवारी राजराजेश्वरास पूर्णेचे जल वाहण्यासाठी गांधीग्रामहून निघणारी कावड मंडळे हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे रस्ता पायांस ठाऊक होतो, आणि तोही समूहाने.

वऱ्हाडाची शास्त्रीय मोजणी नेमक्या उलट तत्त्वावर झाली. विल्यम लॅम्बटनने १८२२ मध्ये एलिचपूरच्या परिसरात टाकरखेडे येथे पायारेषा मोजविली आणि पुढच्याच वर्षी, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. कोन व अंतर यांवर उभ्या राहिलेल्या त्या नकाशास कोण कोणाचा स्नेही, हे जाणण्याचे प्रयोजन नव्हते. पुढील काळात नकाशा ही बव्हंशी सरकारची वस्तू राहिली.

हे दोन प्रवाह एकत्र आणण्याचा प्रयत्न भ्रमणध्वनीच्या युगात झाला. न्यूयॉर्कमध्ये २००० साली सुरू झालेल्या ‘डॉजबॉल’ या सेवेत आपण कोठे आहोत हे लघुसंदेशाने कळविले की ते मित्रांना समजे. गूगलने ती २००५ मध्ये विकत घेतली व २००९ मध्ये बंद केली. तिचा एक जनक डेनिस क्राउली याने त्याच वर्षी ‘फोरस्क्वेअर’ आणले. येथे ठिकाणांची यादी वापरणारेच वाढवीत; एखाद्या जागी साठ दिवसांत सर्वांत अधिक दिवस हजेरी लावणाऱ्यास तेथील ‘महापौर’ ही पदवी मिळे. पदवी पोरकट खरी; परंतु कट्ट्यावर रोज बसणाऱ्यास तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

भारतात या उपक्रमास कायद्याची बाजू लवकरच चिकटली. गूगलच्या ‘मॅप मेकर’मध्ये सामान्य नागरिक आपल्या वस्तीचे रस्ते व ठिकाणे भरू शकत. २०१३ मध्ये त्यासाठी स्पर्धा भरविली जाताच भारतीय सर्वेक्षण विभागाने तक्रार केली आणि २०१४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे प्राथमिक चौकशी गेली. आक्षेप संरक्षणविषयक स्थळांचा होता. मूळ प्रश्न मात्र वस्तीचा नकाशा काढण्याचा अधिकार कोणाचा, हाच होता. ‘मॅप मेकर’ २०१७ मध्ये बंद झाले. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांवरील पूर्वपरवानगीचे बंधन बव्हंशी उठविले.

इतिहासाच्या अभ्यासकाने ही साधने जपून वापरावयास हवीत. त्यांत उपाहारगृहे व दुकाने भरपूर; जेथे कोणी मुद्दाम ‘जात’ नाही, ती राहती घरे जवळजवळ नसतात. ज्याच्या हाती तसा भ्रमणध्वनी नाही, त्याचे फिरणेही नोंदले जात नाही. शिवाय लिपीची अडचण आहे. रोमन अक्षरांत ‘ठ’ आणि ‘थ’ यांत भेद उरत नसल्याने जठारपेठेचे देवनागरीत परत येताना ‘जथारपेठ’ होणे सहज शक्य आहे. रामदासपेठ अकोल्यात आहे, तशी नागपुरातही आहे. बोलणाऱ्या दोघा मित्रांत असा घोटाळा होत नाही, कारण शहर गृहीत असते. यंत्रास ते सांगावे लागते.

तथापि याहून मोठी अडचण साधनांच्या अल्पायुष्याची आहे. तालुक्याचा जुना गावनकाशा दप्तरात टिकतो. खाजगी कंपनीने सेवा आवरली की लोकांनी भरलेली माहिती पाहण्याची वाटच बंद होते. फोरस्क्वेअरने नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभरातील दहा कोटींहून अधिक ठिकाणांची यादी सर्वांस खुली केली आणि डिसेंबरात आपले शहरदर्शक ॲप बंद केले. त्या खुल्या यादीत ठिकाणाचे नाव, प्रकार व अक्षांश-रेखांश आहेत. तेथे कोण कोणाबरोबर गेले, हे नाही. आणि व्यक्तीच्या खाजगीपणाचा विचार करता ते नसणेच योग्य. म्हणून जठारपेठेतील भेटीगाठींचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यास त्या चौकात बसणाऱ्या मंडळींच्या तोंडी आठवणी, त्या हयात आहेत तोवर, टिपून घ्याव्या लागतील.