'का माते' : मान कोणाचा?

रग्बीच्या आंतरराष्ट्रीय सामन्यापूर्वी न्यूझीलंडचा संघ प्रतिपक्षासमोर उभा राहून, मांड्यांवर थापा मारीत व भूमी दणाणून सोडीत जे सामूहिक नृत्य करतो, त्यास 'हाका' म्हणतात. मराठी कानास हा शब्द 'हाक' शब्दाचा सोयरा वाटेल. परंतु त्याचे कूळ माओरी भाषेतले आहे. शत्रूस भिवविणारे युद्धनृत्य, एवढीच त्याविषयी सार्वत्रिक समजूत. ती अपुरी होय. माओरी समाजात पाहुण्यांच्या स्वागतास हाका होतो, तसाच मृतास निरोप देतानाही होतो.

रग्बीने जगप्रसिद्ध केलेला 'का माते' हा हाका न्गाती तोआ जमातीचा नायक ते राउपराहा याने 1820 च्या सुमारास रचिला. परंपरा सांगते की, वैरी पाठीस लागले असता तो रताळ्यांच्या पेवात दडला आणि पेवाच्या तोंडाशी एक स्त्री बसून राहिली. संकट टळल्यावर बाहेर येताना त्याच्या मुखातून ही रचना निघाली. म्हणजे जिच्यात लोक शौर्याची गर्जना ऐकतात, ती वस्तुतः मरता मरता वाचलेल्या माणसाची कृतज्ञता आहे! याच नायकास 1846 मध्ये इंग्रज गव्हर्नर ग्रे याने पकडून, कोणत्याही खटल्यावाचून बंदीत ठेविले. 1849 मध्ये तो वारला.

1888-89 साली बहुतांशी माओरी खेळाडूंचा एक संघ 107 सामने खेळला. त्याने ब्रिटनमधील प्रेक्षकांना हाका दाखविला. 1905 च्या संघाने कार्डिफ येथे 'का माते' म्हटला, तेव्हा वेल्सच्या खेळाडूंनी व प्रेक्षकांनी आपले राष्ट्रगीत गाऊन उत्तर दिले, आणि सामनाही 3-0 असा जिंकला. परंतु हाका मिरविणाऱ्या याच देशाने 1928, 1949 व 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेस संघ पाठविताना, तेथील वर्णद्वेषापुढे मान तुकवून, माओरी खेळाडूंना घरी ठेविले. नृत्य चालते, नर्तक चालत नाही, हा न्याय आम्हांस तरी उमगत नाही. पुढे 1987 च्या सुमारास वेन शेल्फर्ड व हिका रीड या माओरी खेळाडूंनी आग्रह धरिला, की हाका करावयाचा तर यथासांग करावा, नाही तर करू नये. तेव्हापासून मायदेशातील सामन्यांतही तो नेमाने होऊ लागला.

जाहिरातदारांनाही तो आवडला. मग हक्काचा प्रश्न उपस्थित झाला. 'का माते' हे व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्याचा न्गाती तोआंचा प्रयत्न 2006 मध्ये फेटाळला गेला. अखेर 2014 मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने या एका रचनेसाठी स्वतंत्र कायदा केला. व्यापारी प्रकाशनात, प्रक्षेपणात वा चित्रपटात 'का माते' वापरल्यास, त्याचा कर्ता ते राउपराहा असून तो न्गाती तोआ रांगातिरा जमातीचा नायक होता, असे स्पष्ट नमूद केले पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढ्याने काय मिळाले? आमच्या देवस्थानांच्या वाचकांस हे समजावून सांगणे नलगे. पालखीस पहिला खांदा कोणाचा, यावरून पिढ्यानपिढ्या दावे चालतात. त्यांत द्रव्याचा प्रश्न क्वचितच असतो. मालकी आणि मान या दोन निराळ्या वस्तू होत. न्यूझीलंडच्या कायद्याने न्गाती तोआंस मान दिला, मालकी दिली नाही. वापरणाऱ्याकडून त्यांना या कायद्याने मोबदला मागता येत नाही, कोणास मनाईही करता येत नाही. फार तर न्यायालयाकडून कर्तृत्वासंबंधी घोषणा मिळविता येते. आणि प्रत्यक्ष मैदानावर हाका करणाऱ्यास तर कर्त्याचे नाव घेण्याचेही बंधन नाही.