पॅरिस ओस पडले तेव्हा : १२२९ सालच्या विद्यार्थ्यांपुढील पेच

१/
इ.स. १२२९. युरोपातील सर्वांत नामांकित विद्यापीठ, पॅरिस, बंद पडले होते. तेथील अध्यापक आणि विद्यार्थी शहर सोडून निघाले होते. तुलूझ, ऑक्सफर्ड, केंब्रिज, ऑर्लेआँ, आँजे अशी अनेक दारे त्यांच्यासाठी उघडी होती. जायचे कोठे? त्या निवडीची आणि तिच्या परिणामांची ही हकिगत.

२/
आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तेराव्या शतकातील विद्यापीठाला स्वतःचे आवार नसे. अध्यापक भाड्याच्या खोलीत शिकवीत, विद्यार्थी भाड्याच्या खोलीत राहत. ‘युनिव्हर्सितास’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘संघ’ असा होता. अध्यापक आणि विद्यार्थी मिळून जो संघ होई, तेच विद्यापीठ.

३/
संघ उठला की विद्यापीठही उठे. १२०९ मध्ये ऑक्सफर्डच्या नागरिकांशी वैर झाल्यावर तेथील काही विद्वान केंब्रिजला गेले. १२२२ मध्ये बोलोन्याहून बाहेर पडलेल्यांनी पादुआचे विद्यापीठ उभे केले. सर्वत्र अध्यापन लॅटिनमध्येच चाले. त्यामुळे गाव बदलले तरी भाषेची अडचण येत नसे.

४/
विद्यार्थी म्हणजे घरभाडे, पाव, मद्य, मेणबत्त्या आणि चर्मपत्र यांचे हुकमी गिऱ्हाईक. नगरांना हे पक्के ठाऊक होते. १२२८ मध्ये इटलीतील व्हर्चेल्ली नगराने पादुआच्या विद्यार्थ्यांशी रीतसर करार केला : राहण्यासाठी ५०० घरे, भाड्यावर मर्यादा, कर्जाची सोय आणि अध्यापकांचे वेतन नगराकडून.

५/
सम्राट फ्रेडरिक दुसरा याने निराळी वाट धरली. १२२४ मध्ये त्याने नेपल्स येथे विद्यापीठ स्थापिले आणि सिसिलीच्या राज्यातील आपल्या प्रजेला शिक्षणासाठी अन्यत्र जाण्यास मनाई केली. विद्यार्थी मिळविण्याचे दोन मार्ग तेव्हाच स्पष्ट झाले होते : आमिष दाखवावे किंवा दार बंद करावे.

६/
मग पॅरिसचे आकर्षण कशात होते? कायदा शिकावा तर बोलोन्यात, वैद्यक शिकावे तर सालेर्नोत. पण ईश्वरशास्त्र आणि तर्क यांसाठी पॅरिसला तोड नव्हती. उणीव होती ती एकच. ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांवर तेथे व्याख्याने देण्यास १२१० पासून बंदी होती. १२१५ मध्ये ती पुन्हा बजावण्यात आली.

७/
ठिणगी मात्र ग्रंथांवरून पडली नाही. फेब्रुवारी १२२९, कार्निव्हलचे दिवस. गोव्यात आजही साजरा होतो तोच, उपवासकाळाच्या तोंडावरचा उत्सव. सॅं-मार्सेल या उपनगरातील एका गुत्त्यात मद्याच्या हिशेबावरून विद्यार्थ्यांची बाचाबाची झाली आणि त्यांना मार खावा लागला. दुसऱ्या दिवशी ते सोबत्यांसह सोटे घेऊन आले, गुत्ता फोडला आणि दिसेल त्याला झोडपले.

८/
तक्रार दरबारी पोहोचली. राजा लुई नववा अवघा चौदा वर्षांचा. कारभार राजमाता ब्लांश पाहत होती. तिने शासनाचा आदेश दिला. शिपायांनी नगराबाहेर विद्यार्थ्यांवर हल्ला चढविला आणि काही जण ठार झाले. त्या शतकातील इंग्लिश इतिवृत्तकार मॅथ्यू पॅरिस लिहितो की मारले गेलेल्यांचा त्या दंगलीशी संबंधच नव्हता.

९/
अध्यापकांनी व्याख्याने थांबविली आणि न्याय मागितला. तो मिळेना, तेव्हा मार्चअखेरीस त्यांनी निर्वाणीचा ठराव केला : ईस्टरनंतर महिन्याभरात दाद लागली नाही, तर सहा वर्षे पॅरिसमध्ये कोणीही शिकवणार नाही. दाद लागली नाही. खोल्या रिकाम्या झाल्या आणि शहर ओस पडले.

१०/
ही संधी इंग्लंडच्या राजाने हेरली. १६ जुलै १२२९ रोजी हेन्री तिसरा याने पॅरिसच्या विद्वानांना पत्र पाठविले. झालेल्या छळाबद्दल सहानुभूती दर्शवून त्याने कळविले की त्यांनी आपल्या राज्यात यावे. पसंत पडेल ते नगर वा गाव निवडावे, तेथे त्यांना स्वातंत्र्य आणि शांतता लाभेल.

११/
तुलूझने तर विस्तृत जाहिरातच धाडली. तिचा लेखक होता तेथे शिकवणारा व्याकरणपंडित जॉन ऑफ गार्लंड. पाव, मद्य, मांस, मासळी सारे स्वस्त; लोक सौजन्यशील; येणाऱ्यांना पापक्षमा. आणि कळीचा मुद्दा : पॅरिसमध्ये निषिद्ध असलेले ॲरिस्टॉटलचे ग्रंथ येथे खुशाल अभ्यासता येतील.

१२/
जिज्ञासू तरुणाला आणखी काय हवे? पण त्या पत्रामागची परिस्थिती पाहण्यासारखी होती. दक्षिण फ्रान्समधील कॅथार पंथाविरुद्धचे वीस वर्षांचे धर्मयुद्ध नुकतेच थांबले होते. एप्रिल १२२९ च्या तहाने हे विद्यापीठ जन्माला आले, आणि त्याचे मुख्य प्रयोजन होते पाखंडाचे उच्चाटन.

१३/
खर्च कोणाच्या माथी? पराभूत काउंट रेमंड सातवा याच्या. चौदा अध्यापकांना दहा वर्षे वेतन देण्यासाठी एकूण ४,००० मार्क त्याच्यावर लादण्यात आले होते. ज्याला ही संस्था मनापासून नकोच होती, त्याच्याच तिजोरीवर तिचे भवितव्य टांगलेले होते. थोड्याच वर्षांत वेतन थकले आणि खुद्द जॉन ऑफ गार्लंडला तेथून निघून जावे लागले.

१४/
इंग्लंडकडे वळलेल्यांची कथा वेगळी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे अध्यापकांचे संघ आधीपासून होते. कोणा एकाच्या लहरीवर त्यांचा प्रपंच चालत नव्हता. पॅरिसहून आलेल्या मंडळींनी त्यांना बळ दिले. सर्व निमंत्रणे कागदावर सारखीच मोहक होती. फरक होता तो त्या वचनांच्या पाठीशी कोण उभे आहे, यात.

१५/
पॅरिसला अखेर शहाणपण सुचले. विद्वानांवाचून शहराचे वैभव टिकत नाही, हे दरबाराला उमगले. पोप ग्रेगरी नववा याने मध्यस्थी केली आणि १३ एप्रिल १२३१ रोजी आज्ञापत्र काढले. त्याच्या आरंभीच्या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘विद्यांची जननी’ असा होतो. ही जननी म्हणजे पॅरिस.

१६/
त्या पत्रात स्वस्त मद्याचे आश्वासन नव्हते. संघाला स्वतःचे नियम करण्याचा अधिकार मिळाला. विद्यार्थ्याला कर्जापायी कैद करण्यास मनाई झाली. शिवाय सदस्याची हत्या होऊनही न्याय मिळाला नाही, किंवा घरभाडे ठरविण्याचा हक्क नाकारला गेला, तर व्याख्याने थांबविण्याची मुभा देण्यात आली. ज्या कृतीसाठी अध्यापकांनी दोन वर्षांपूर्वी सर्वस्व पणाला लावले होते, ती आता कायदेशीर ठरली. अध्यापक परतले.

१७/
ॲरिस्टॉटलचे पुढे काय झाले? १२४५ मध्ये पॅरिसची बंदी तुलूझलाही लागू करण्यात आली. १२५५ मध्ये मात्र पॅरिसच्या कला विद्याशाखेने तेच ग्रंथ आपल्या अभ्यासक्रमात नेमले. ज्या ग्रंथांच्या ओढीने कोणी दक्षिणेची वाट धरली असेल, ते सुमारे पाव शतकानंतर जुन्याच ठिकाणी अधिकृतपणे शिकविले जाऊ लागले.

१८/
त्या काळी हे स्वातंत्र्य केवळ लॅटिन जाणणाऱ्या पुरुषांपुरते होते, हे विसरता येत नाही. स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंदच होते. तरीही त्या मर्यादित वर्तुळात घडलेली गोष्ट दूरगामी ठरली. विद्यार्थी आणि अध्यापक निघून जाऊ शकत होते, म्हणूनच नगरे, राजे आणि पोप त्यांच्याशी वाटाघाटी करीत होते.

१९/
गुत्त्यातील एका क्षुल्लक भांडणातून आणि काही तरुणांच्या मृत्यूतून हा हक्क जन्माला आला. कार्निव्हलनंतर मारल्या गेलेल्या त्या विद्यार्थ्यांपैकी एकाचेही नाव आज सर्वश्रुत नाही. विद्यापीठाच्या स्वायत्ततेचा इतिहास सांगताना त्यांचा उल्लेख मात्र टाळता येत नाही.

(धागा समाप्त)