रात्रीचा कॅमेरा : मेगापिक्सल नंतर, आधी उजेड बघा



मोटार, केबल, स्टार्टर, तोडणीला आलेली डाळिंबं... चोरी होते ती अंधारात. म्हणून शेतावर कॅमेरे आले. पण सकाळी फुटेज उघडलं की पुष्कळदा दिसतो एक पांढरट ठिपका. चेहरा नाही, गाडीचा नंबर नाही. मग तक्रार द्यायची कशाच्या जोरावर? दिसायला सारख्याच कॅमेऱ्यांच्या किमतीत एवढा फरक का, हे समजायला थोडा इतिहास बघू.

१९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे इथे व्ही-२ अग्निबाणाचं उड्डाण दुरून बघायला सीमेन्स कंपनीने कॅमेरे बसवले. त्या काळच्या कॅमेऱ्याच्या नळीला उजेड भरपूर लागायचा. घरासाठी हा विचार केला न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सने. ड्युटीच्या वेळा अडनिड्या, रात्री घरी एकटी, पोलीस यायला उशीर. आपल्या वस्तीवरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पती अल्बर्टसोबत तिने १९६६ साली पेटंटचा अर्ज केला, १९६९ साली पेटंट मिळालं. त्याच १९६९ साली बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी शोधली, आणि पुढे नळीच्या जागी सिलिकॉनची चिप आली.

आता दुकानातले दर्जे बघा.

पहिला : साधा इन्फ्रारेड. इन्फ्रारेड एलईडी बाजारात आला १९६२ साली. हा उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाही, चिपला दिसतो. अंधार पडला की कॅमेऱ्यातला फिल्टर 'टक्' करून बाजूला सरकतो आणि चित्र काळं-पांढरं होतं. ८५० नॅनोमीटरचे दिवे किंचित लाल दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. म्हणून खोक्यावरचे '३० मीटर' म्हणजे ३० मीटरवर चेहरा ओळखू येईल असं नाही. काचेवर कोळ्याचं जाळं असेल तर सगळंच पांढरं.

दुसरा : स्टारलाइट. जुन्या चिपमध्ये तारांचं जाळं उजेडाच्या वाटेत असायचं. पिकावरचं शेडनेट काढून खाली अंथरावं, तसं ते जाळं मागे नेलेली चिप सोनीने २००९ साली कॅमेऱ्यांत आणली. २०११ साली स्वीडनच्या अ‍ॅक्सिसने 'लाइटफाइंडर' आणलं. अंधुक उजेडातही रंग दिसू लागले. चोराचा शर्ट लाल की निळा, हे कळू लागलं.

तिसरा : रात्रभर रंगीत. मोठी चिप आणि मोठ्या तोंडाची लेन्स. एफ २.० पेक्षा एफ १.० लेन्स चौपट उजेड आत घेते. पण काळोख्या रानात यालाही पांढरा दिवा लावावा लागतो, आणि दिव्यावर किडे येतात.

मेगापिक्सलचं काय? चिप तेवढीच ठेवून २ चे ८ मेगापिक्सल केले, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला पाव उजेड येतो. दिवसा चित्र झकास, रात्री मुंग्याच मुंग्या.

लक्सचा आकडाही जपून वाचा. पौर्णिमेला साधारण पाव लक्स उजेड असतो, नुसत्या चांदण्यांचा ०.००१ च्या आसपास. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की कॅमेरा अंधारातही 'बघतो', पण चालता माणूस फराटा होऊन जातो.

तेव्हा घेताना चार गोष्टी विचारा : चिपचा आकार, लेन्सचा एफ आकडा, दिवा कोणता, आणि रात्री चालत्या माणसाचं फुटेज. उभ्या माणसाचं नको, चालत्याचंच मागा. फाटकावर एखादा चांगला कॅमेरा लावा, चेहरा आणि नंबर टिपायला. बाकी शेतावर नुसती हालचाल कळायला साधा इन्फ्रारेड पुरतो.